भरलेला डबा

फोन वाजला तेव्हा मी मटार सोलत होते. "आई, मी कुणाल," एवढंच तिकडून आलं, आणि अंगठ्याखालची शेंग फुटून एक दाणा उडाला तो घरंगळत देवघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन थांबला. बाकी काही झालं नाही. गल्लीत कुणीतरी सांडाला वाट मागत होतं, वर गच्चीवर माकडं पत्रा वाजवत होती, मी पाटावर होते तशीच होते. पण तो हिरवा दाणा मला अजून दिसतो. आवाज त्याचा पहिल्यासारखाच मऊ, दुधावर साय धरावी तसा. "बऱ्या आहात ना? गुडघा कसा आहे?" मी म्हटलं, "गुडघा माझ्यापाशीच आहे, तुझं काम सांग." तो हसला. हसण्याचा आवाज आला नाही, पण मला कळलं. म्हणाला, "तुमची अन्नपूर्णा इथंच राहिली, आई. माझ्याच्यानं पूजा होत नाही, आणि देव उपाशी ठेवणं बरं नाही. घरी आणून देऊ?" मी म्हटलं, "माझ्या घराला आता जावई नाही." "मग कस्तुरी जिथं आहे तिथं नेऊन देतो." हे म्हणण्याआधी तो जरासा थांबला होता, अंधारात पायानं पायरी चाचपावी तसा. "कस्तुरी कुठेच नाही," मी फाडकन म्हटलं, आणि बोलून गेल्यावर माझीच जीभ मला कडू लागली. "बरं. मग तुम्ही म्हणाल तिथं," तो म्हणाला. एवढा शहाणा जावई सबंध काशीत नसेल.

बोटभर पितळेची ती मूर्ती. बाजारात पसाभर मिळतात तसल्या, असं कुणी म्हणेल, आणि म्हणणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. आमच्यात मुलगी बोहल्यावर चढायच्या आधी गौरीहरापुढे बसते, वाटीभर तांदळात अन्नपूर्णा ठेवून तिच्यावर चिमटी चिमटीनं तांदूळ वाहते, आणि सासरी जाताना तिला बरोबर नेते. शालू फाटतो, दागिना मोडतो, अन्नपूर्णा राहते. ही माझ्या आईची. तिच्या आईची असेल, विचारायचं राहून गेलं. पिढ्यांचे अंगठे फिरून तिचं नाक सपाट झालंय, डोळे नुसते दोन खड्डे, पण मांडीवर आडवी धरलेली पळी मात्र ठसठशीत. लहानपणी आई पूजेला बसली की मी त्या पळीला नखानं टोकरायची आणि मार खायची. मी कस्तुरीला ती दिली तेव्हा हातात नुसतीच नाही ठेवली, तांदळासकट पदरात घातली. तीच कस्तुरी कार्तिकात एका दुपारी दारात आली ती अनवाणी, खांद्याला पर्स नाही, अंगावर घरात नेसायची साडी, उजव्या हाताची करंगळी भलतीकडे वळलेली. "दारात सापडली," म्हणाली. मी विचारलं, "दारात बोट सापडतं तेव्हा दार कोण लावत असतं?" ती माझ्या पाठीमागच्या भिंतीकडं बघत राहिली, जशी त्या भिंतीत कुणी कान लावून उभं आहे.

तो कधी ओरडला नाही म्हणे. शिवी नाही, दारू नाही. बँकेतून यायचा, रुमालाची चौकोनी घडी करायचा, आणि मग तिला सांगायचा की आज तू कुठं कुठं गेलीस. भाजीवाली, शिंपी, संकटाजीचं देऊळ. ही घाबरून म्हणायची, हो. तिच्या मोबाइलात काहीतरी घालून ठेवलं होतं, त्यात बाईमाणूस चाललं की ठिपका चालतो. ते कळल्यावर ती मोबाइल घरी ठेवून जायला लागली, तर यानं बाहेरून कुलूप घातलं. मला हे सगळं तिनं एकदम नाही सांगितलं. जात्यात दाणे टाकावेत तसं, दिवसा थोडं, मध्येच थांबून, आणि प्रत्येक वेळी दाराकडे बघून. मी तिला माझ्याकडे ठेवून घेतलं असतं. दूधविनायकाच्या गल्लीत माझ्या दारावरून परवानगीशिवाय कुत्रं जात नाही. पण तो रोज संध्याकाळी समोरच्या चहाच्या दुकानात येऊन बसायला लागला. कुल्हड हातात धरायचा, पीत नव्हता. मी झरोक्यातून बघायची. चहावर साय धरायची, ती सुरकुतायची, तरी हा पीत नव्हता. कुणाला काही बोलला असता तर मी भांडले असते. भांडणात मला कोण हरवणार? पण नुसत्या बसण्याशी कसं भांडायचं ते मला माझ्या आईनं शिकवलं नव्हतं. मग एका पहाटे धुक्यातून विश्वेशनं तिला होडीत घालून पार नेली आणि मुगलसरायला लतिकाकडे पोचवली. त्या दिवसानंतर तो चहाच्या दुकानात यायचा थांबला. मला वाटलं, बला टळली. आता वाटतं, त्याला नुसतं कळलं होतं की झाड रिकामं झालंय.

लतिका म्हणजे आमच्या ह्यांच्या एका विद्यार्थ्याची, गोपीनाथची, बायको. गोपीनाथ रेल्वेत होता. कस्तुरीच्या लग्नात ही दोघं भुसावळला बदलीवर, म्हणून कुणालनं ना त्यांना पाहिलेलं ना त्यांचं नाव ऐकलेलं. रिटायर झाल्यावर मुगलसरायला घर बांधलं आणि राहिली. गोपीनाथला ऐकू येत नाही आणि लतिकाला गप्प बसता येत नाही, त्यामुळे संसार सुखाचा. हे ठिकाण मी निवडलं. विश्वेश म्हणत होता, "काकी, पुणे भेज दीजिए." मी म्हटलं, "पुण्यात तो आधी शोधेल. आपल्या लोकांना काय, पळाले की पुण्याला पळाले. नदीपलीकडे कोण बघतं?" विश्वेश माझा पुतण्या, पाठशाळेत शिकवतो, पोट सुटलेलं, डोक्यावर शेंडी आणि खिशात दोन मोबाइल. निम्मं मराठी बोलतो, घाबरला की सगळं हिंदी.

तर बाग. मूर्ती घ्यायला ती मीच ठरवली. मच्छोदरीची, कारण तिथं थंडीत दुपारी ऊन खायला निम्मं शहर लोळत असतं, पोरं बॅट घेऊन, म्हातारे पत्ते घेऊन, शेंगदाणेवाले, कान साफ करणारे. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोण काय करणार? माझ्या घरी मुंजी झाल्या, लग्नं झाली, या चिंचोळ्या गल्लीतून मी वराती नेल्या आहेत, समोरून प्रेत आलं तर वरात कुठल्या दारात घ्यायची हेसुद्धा ठरवून ठेवलेलं असायचं. एक पोरगा बागेत येऊन मूर्ती देणार, त्याची व्यवस्था मला जड नव्हती. मी विश्वेशला समोर बसवून सांगितलं. फाटकाजवळचा बाक, जिथून टोटो रिक्षावाल्यांना हाक ऐकू जाते. कस्तुरीला यातलं काही कळवायचं नाही, तिनं यायचं तर नाहीच. त्याच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. तो मोटरसायकलीवर बस म्हणाला तर बसायचं नाही. "मी कशाला बसतो, काकी?" "तुला जिलबी दाखवली की कुठंही बसतोस." तो खवळला, मग तोही बेतात भर घालायला लागला. म्हणाला, "तो तुमच्या मागे येणार बघा. तुम्ही अन्नपूर्णा घेऊन थेट कस्तुरीकडे जाणार, असंच वाटणार त्याला. म्हणून तर देतोय." हे मात्र मला सुचलं नव्हतं. मग मी म्हटलं, "असं? मग परत येताना होडी. पाण्यावर त्याची फटफटी चालते का बघू. लल्लनला सांगून ठेव, गायघाटाला उभं राहा, आणि इंजिनाची बोट नको, सगळ्या घाटांना कळतं कोण आलं ते. वल्ह्यांची, चप्पूची." विश्वेश म्हणाला, "मोबाइल पण घरी ठेवू. उसका क्या भरोसा, काय काय घालतो आत." "ठेवू," मी म्हटलं. आणि तिथून घरीच. मुगलसरायचं नाव महिनाभर कुणी काढायचं नाही. सगळी भोकं बुजवली. रांगोळीची शेवटची रेघ ओढून मान तिरपी करून बघावं तसं मी त्या बेताकडे बघितलं आणि मला तो आवडला. खरं सांगायचं तर त्या दोन-तीन दिवसांत मला बरंच बरं वाटत होतं.

कस्तुरीला कळलंच. विश्वेशच्या पोटात काय राहतं? तिचा फोन आला. "आई, जाऊ दे ती मूर्ती. मला नको." मी म्हटलं, "तुला नको असेल. तिला त्या घरात राहायचं नाही." "तिनं तुला सांगितलं?" "तू सांगितलं होतंस का, करंगळी मोडायच्या आधी?" मग हळूच म्हणाली, "तो कधी काही देत नाही, आई. तो परत करतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं." मी म्हटलं, "त्याला हवं ते माझ्या घरात नाहीच आहे. काय नेईल?" यावर ती थोडी हसली, महिन्या-दोन महिन्यांत पहिल्यांदा. "मेथीचे लाडू खाल्लेस का? मी केले होते." आठवड्यापूर्वी विश्वेशबरोबर पाठवले होते तिनं. कडू होते. मी म्हटलं, "छान झालेत. डब्याचं झाकण मात्र चांगलं घट्ट आहे, लाडवांपेक्षा." "डबा परत पाठव हं, लतिकाकाकूंचा आहे." "मी कुणाचा डबा ठेवून घेतलाय का कधी?" मी म्हटलं. "आणि रिकामा दिलाय का?"

त्या सकाळी ऊन पडलंच नाही. पौषातलं धुकं गल्लीत उतरून दारादारात कापसासारखं तुंबलं होतं, समोरचं चहाचं दुकान नुसत्या आवाजावरून ओळखू येत होतं. मी बेसन भाजलं. का भाजलं? विश्वेशनं हेच विचारलं, नाक वर करून. "काकी, हे कुणासाठी?" मी म्हटलं, "तो माझ्या आईची अन्नपूर्णा आणून देणार. मी काय हात हलवत जाऊ? त्यानं माझ्या पोरीचं बोट मोडलं, ते त्याच्या हिशोबी. माझ्यासमोरून माणूस रिकाम्या हातानं गेला, तर ते माझ्या." तो म्हणाला, "दुश्मन को लड्डू?" "दुश्मनालाच," मी म्हटलं, "म्हणजे घशात अडकेल तेव्हा कुणाचा खातोय ते आठवेल." लाडू वळताना हाताला बरं वाटत होतं. गरम पीठ मुठीत दाबलं की घाबरेपण उरत नाही. मग डबा. फळीवर डबे ओळीनं उभे. आमच्या घरात नाव घातल्याशिवाय भांडं फळीवर चढत नाही. ठठेरी बाजारात बसून, कासार टोचणीनं टक टक करतो तिथून न हलता, मी एकेकावर नाव घालून आणलंय, वेणीमाधव, वेणीमाधव, वेणीमाधव. ह्यांचं नाव असलेलं भांडं मी त्या घरात जाऊ देऊ? त्या ओट्यावर, त्या पालथ्या भांड्यांत, रोज ह्यांचं नाव तो विसळणार? एक डबा काढला, मागे ठेवला. दुसरा काढला, मागे ठेवला. तिसऱ्याला पोचा होता. मग तो एक गुळगुळीत, चकचकीत, घट्ट झाकणाचा, कडेला उभा होता, धुऊन पालथा घातलेला, त्याच्यावर ह्यांचं नाव नव्हतं. मी तोच घेतला. ह्यांचं नाव नाही एवढंच बघितलं.

बागेत पोचलो तर बाग नव्हती. धुकं होतं, त्यात मधूनच एखादं झाड काळं पडल्यासारखं उभं. ऊन खायला येणारे लोक उन्हाबरोबरच घरी राहिले होते. पत्तेवाले नाहीत, पोरं नाहीत, एक कान साफ करणारा लाल टोपी घालून कुडकुडत होता, तो आम्हांला बघून उठला आणि निघून गेला. टोटोवाल्यांचे आवाज येत होते, पण दुसऱ्याच कुठल्या तरी शहरातून आल्यासारखे. मी फाटकाजवळचा बाक शोधला. तो त्यावर बसलेला होता. मी त्याला बाक सांगितला नव्हता, नुसती बाग सांगितली होती. मी दोन पावलं अलीकडेच थांबले. पण माणूस फाटकाजवळच बसणार, दुसरीकडे कुठं बसेल, असं मी मनाला सांगितलं. तो उठला, वाकला. मी पाय मागं घेतले, तरी त्यानं जिथं माझे पाय होते तिथली माती बोटानं शिवून कपाळाला लावली. "दादा, कैसे हैं?" विश्वेशला म्हणाला. विश्वेशनं "ठीक" म्हणून दोन्ही हात पोटावर धरले. कुणाल बारीक झाला होता. दाढी नीट, स्वेटर नीट, नखं कापलेली. हे हात, मी बघत राहिले, दाराला धरलेले हे हात. मला वाटलं होतं बघताच काहीतरी दिसेल. काही दिसलं नाही. थंडीनं सुरकुतलेले साधे हात होते, एका बोटावर शाई.

"ही घ्या," त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढला, चौकोनी घडीचा, मधोमध फुगीर. "बघून घ्या, आई." मी बघितलं नाही. त्याच्यासमोर उलगडून तपासणारी मी नव्हे. रुमालातूनच हाताला ती लागली, गार, ओळखीची, आणि त्याला माझा चेहरा दिसू नये म्हणून मी लगेच पिशवीतून डबा काढून पुढे केला. "धर. बेसनाचे आहेत." विश्वेश दातांतल्या दातांत "काकी" म्हणाला. कुणालनं डबा दोन्ही हातांनी घेतला, देवळात प्रसाद घेतात तसा. "तुम्ही माझ्यासाठी केलेत?" "तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी केलेत." "कस्तुरी बरी आहे ना?" हे त्यानं डब्याकडे बघत विचारलं. डबा कानाशी हलवला, लाडवांचा आवाज ऐकला, मग वर उचलून बुडाकडून बघितला. बुडावरून अंगठा फिरवला, सावकाश, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून. मला वाटलं, गळतंय का बघतोय, किंवा मी विष घातलंय असं वाटतंय मेल्याला, आणि मला त्याचा जरा आनंद झाला. "घाबरू नकोस," मी म्हटलं, "मारायचं असतं तर इतकं तूप नसतं घातलं." तो हसला. या वेळी आवाज झाला. "नाही हो, आई. डबा परत करायला हवा ना. दुसऱ्याचं भांडं ठेवून घेऊ नये." "राहू दे तुझ्याकडे," मी म्हटलं. "नाही नाही. आणून देईन. रिकामा नाही देणार." मोठ्यांनी वळण लावलेलं आहे, असं त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. मग तो वळला, धुक्यात शिरला, थोड्या वेळानं फटफटी सुरू झाली. विश्वेश फाटकापर्यंत धावत गेला आणि धापा टाकत परत आला. "आपल्या मागे नाही येत, काकी. राजघाटकडे गेला. सरळ."

गायघाटाला लल्लन होता. मी होडीत बसले तेव्हा गुडघ्यातलं दुखणंसुद्धा सैल झालं होतं. विश्वेशनं कुठून तरी शेंगदाण्याची पुडी पैदा केली आणि त्याची वाचा परत आली. "बाक त्याला कसा कळला हो, काकी? आणि मागे का नाही आला? मी तर म्हणत होतो येईल. शेवटी माणूस आहे, पछतावा होतोच." "हो, आणि तू त्याचा पुरोहित," मी म्हटलं. पाणी दिसत नव्हतं. चप्पूखाली नुसतं चुबुक चुबुक. धारेच्या उलटं जायचं होतं; लल्लन वल्हं मारून थांबायचा की होडी तिथल्या तिथे उभी राहायची, कुणी खालून धरल्यासारखी. "धारा उल्टी बा, माताजी, धीरे-धीरे जाई." "जाऊ दे धीरे-धीरे," मी म्हटलं, "आता कसली घाई." मागे, धुक्याच्या आत, राजघाटच्या पुलावर आगगाडीचा खडखडाट सुरू झाला आणि कितीतरी वेळ संपेना. सबंध पूल कुणी हाडं वाजवत ओलांडतंय असा. मी पदराखाली रुमाल सोडला. तीच होती. सपाट नाक, दोन खड्डे. मी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा अडकला. पळी नव्हती. मांडीवरची पळी मुळापासून मोडलेली, आणि मोडल्या जागी कानस मारून गुळगुळीत केलेलं. कुणीतरी ते घरात बसून, नीट, घाई न करता केलेलं होतं. मला मोडल्याचं नाही काही वाटलं, त्या गुळगुळीतपणावरून मात्र मी अंगठा चटकन काढून घेतला.

मी ती मुठीत धरली. मनात म्हटलं, घरी गेलं की आधी आंघोळ घालू, चिंचेनं घासू, वाटीत नवे तांदूळ घेऊ. हातावर अजून त्या गुळगुळीत जागेचा स्पर्श होता, तो पुसायला म्हणून मी डोळे मिटून मनानंच घरात शिरले. फळीखालच्या पिंपात तांदूळ. हात वर केला की वाट्या. वाट्यांच्या शेजारी डबे, वेणीमाधव, वेणीमाधव, पोचा आलेला, आणि कडेची जागा मोकळी. ती जागा मोकळी का? तिथं तो घट्ट झाकणाचा होता. तो आमचा नव्हता. आमचा असता तर ह्यांचं नाव असतं. मग त्याच्यावर कुणाचं होतं? कारण होतं काहीतरी. धुताना राखेचा हात फिरवला तेव्हा बुडाला बोटांच्या टोकांना ते टिंबटिंब खरखरलं होतं. मी दुसरीपर्यंत शिकलेली, मला बुडावरची अक्षरं वाचायला बसायला वेळ लागतो, आणि कशाला वाचू, कुणाचा आहे ते मला ठाऊक होतं. मेथीच्या लाडवांचा. मुगलसरायचा. अंगठा, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून.

"विश्वेश," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "लतिकाच्या वास्तुशांतीचे डबे वाटले होते. त्यांच्या बुडाला काय लिहिलंय?" तो शेंगदाणा फोडत होता. "तेच, जे लिहितात. गोपीनाथ आणि लतिका, वास्तुशांतीप्रीत्यर्थ." "आणि?" "आणि पत्ता. घराचं नाव, कॉलनी, मुगलसराय. लतिकाकाकूंनी हौसेनं घातला होता ना, लोकांना घर सापडावं म्हणून." शेंगदाणा त्याच्या हातातच राहिला. मग त्याचं तोंड हळूहळू उघडलं. "काकी. आज लाडू कशात दिले?" पुलावर आता शांत होतं. गाडी पार झाली होती. राजघाट म्हणजे पूल, आणि पूल ओलांडला की मुगलसरायचा रस्ता सरळ. दुसऱ्याचं भांडं, तो म्हणाला होता. मी ते माझ्या दोन्ही कानांनी ऐकलं होतं.

"फोन कर," मी म्हटलं. "फोन घरी आहे, काकी. आपने ही तो कहा था." लल्लननं वल्हं पायात दाबून कमरेचा मोबाइल काढून दिला. विश्वेशनं तो दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे बघितलं. नंबर कुणाला पाठ? पूर्वी माणसाला नंबर पाठ असायचे. "चल, चल, मार हात," मी लल्लनला म्हटलं. "माताजी, धारा..." "धारा गेली खड्ड्यात! इंजिन का नाही लावत?" तो माझ्याकडे नुसता बघत राहिला, कारण इंजिन नको म्हणून मीच सांगितलं होतं. वल्हं पडायचं, होडी थोडी पुढे सरकायची, पुन्हा खालून कुणी धरायचं. पंचगंगेच्या पायऱ्या धुक्यातून वर आल्या आणि तिथंच थांबल्या, जाईनात. घाटावरच्या बिंदुमाधवाला मी काय म्हटलं ते आठवत नाही. मला फटफटी दिसत होती, काळ्या रस्त्यावर सावकाश चाललेली, तो कधीच जोरात चालवत नाही, हँडलला लटकलेला डबा, आतल्या आत लाडू. त्याचा ठिपका आता माझ्या डोक्यात चालत होता, तिचा चालायचा त्याच्या हातात तसा. मी तो थांबवू बघत होते, रेल्वेचं फाटक पडू दे, ट्रक आडवा येऊ दे, आणि तो प्रत्येक वेळी नीट, हात दाखवून, बाजूनं निघत होता.

रामघाटाच्या पायऱ्या मी कशा चढले ते गुडघ्याला विचारा. विश्वेश पुढे पळाला, गल्लीत सांड आडवा होता, तो त्याच्याशी हिंदीत हात जोडून बोलायला लागला. मी सांडाच्या पोटाला हात लावून ढकललं आणि पुढं गेले. कुलूप. किल्ली माझ्या कमरेला, मुठीत अन्नपूर्णा, मूठ उघडेना. विश्वेशनं किल्ली ओढून घेतली. मोबाइल फळीवर, डब्यांच्या ओळीत, त्या मोकळ्या जागेत मीच ठेवला होता जाताना. विश्वेशनं लावला आणि माझ्या कानाशी धरला. घंटी गेली. गेली. मग लतिका, हसतच. "अगंबाई, वहिनी! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हांला, आत्ता तुमचंच..." मी बोलायला गेले तर छातीत श्वासच नव्हता, नुसती शिटी वाजली. "दम लागलाय का? पाणी प्या आधी. थांबा हं, दारात बेल वाजतेय, हे काही उठायचे नाहीत, कस्तुरी, बघ गं कोण ते." "लतिका," मी म्हटलं, "दार..." "थांबा हो वहिनी, आलेच, भात खाली लागतोय," आणि मोबाइल कुठं तरी लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. मी ओरडले. सबंध दूधविनायकानं ऐकलं असेल. तिकडे ते लाकडाला ऐकू गेलं. लांबून चपला वाजल्या, पडद्याच्या कड्या सरकल्या, आणि मग माझ्या लेकीचा आवाज, लग्नाआधी होता तसा हलका.

"काकू, जाळीतून नीट दिसत नाही, धुकं आहे. पण आपला डबा आहे! वर धरून दाखवतोय. विश्वेशदादा असणार, आईनं पाठवला असेल. भरलेला दिसतोय. ती रिकामा डबा कधी देतच नाही."

मग कडीचा आवाज आला.